हवेत दोन मिनिटं, जमिनीवर दोन तास

फोन हातात आहेच, तर एक गोष्ट करून बघा. मुंबईचा जुना विमानतळ आणि आपला नवी मुंबईचा नवा विमानतळ, या दोघांमधलं अंतर किती ते शोधा. नकाशावर सरळ रेघ ओढली तर ते २४ किलोमीटरच्या आसपास भरतं. ताशी ८०० किलोमीटरने जाणाऱ्या विमानाला एवढं अंतर कापायला दोन मिनिटंसुद्धा लागणार नाहीत. रस्त्याने गेलात तर तेच अंतर, कुठला रस्ता धरता त्यावर, ३५ ते ४० किलोमीटर होतं. आणि वेळ? तो विचारूच नका. म्हणजे विचाराच, पण आधी वार कुठला, किती वाजता निघणार, पाऊस आहे की ऊन, ते सांगा.

करंजाडे, उलवे, पनवेल या पट्ट्यात राहणाऱ्यांना हा प्रश्न नवा नाही. गेली दहा-बारा वर्षं इथल्या प्रत्येक बिल्डरच्या होर्डिंगवर विमानतळ 'पाच मिनिटांवर' आहे. विमानतळ नव्हता तेव्हाही तो पाच मिनिटांवरच होता! आता तो खरोखर आलाय. ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालं, २५ डिसेंबरपासून विमानं सुरू झाली. करंजाडेच्या गच्चीवरून विमान उतरताना दिसतं, खिडकी उघडी असेल तर ऐकूही येतं. हवाई रेषेत टर्मिनल तीन-चार किलोमीटरवर असेल. पण हवाई रेषेत चालत जाता येत नाही, ही खरी अडचण आहे.

मला इथे एकच मुद्दा मांडायचाय. दोन विमानतळांमधलं अंतर किलोमीटरमध्ये सांगणं बंद करा. ते मिनिटांत सांगा, घराच्या दारापासून सांगा आणि सगळ्यात स्वस्त वाहनाने किती लागतात ते सांगा. हा आकडा कुणी सांगत नाही, कारण तो सांगितला की पुढची जबाबदारी येते.

आधी तिकिटावरच्या वेळेचं बघू. मुंबई–दिल्ली हवाई अंतर साधारण १,१४० किलोमीटर. ताशी ८०० च्या वेगाने हिशोब केलात तर दीड तासाच्या आत पोचायला हवं. तिकिटावर मात्र सव्वादोन तासांच्या आसपास लिहिलेलं असतं. मधला पाऊण तास गेला कुठे? तिकिटावरची वेळ ही विमान इथल्या जागेवरून हललं की सुरू होते आणि तिथे जागेवर लागलं की संपते. त्यात धावपट्टीपर्यंतची रांग आली, वर चढणं-उतरणं आलं, उतरायची परवानगी मिळेपर्यंत आभाळात घातलेल्या घिरट्या आल्या. मुंबईच्या जुन्या विमानतळाला दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे दोन्हींवर एकाच वेळी बिनधास्त काम करता येत नाही, खऱ्या अर्थाने एकाच धावपट्टीवर एवढ्या मोठ्या शहराचा कारभार चालतो. नवा विमानतळ हवा होता तो याचसाठी. शिवाय कंपन्याही वेळापत्रकात थोडी हवा भरून ठेवतात. सव्वादोन तास सांगायचे आणि दोन तासांत पोचवायचं, म्हणजे 'वेळेआधी पोचलो' अशी घोषणा करता येते आणि आपण टाळ्या वाजवायला मोकळे.

लांबच्या प्रवासात तर अंतर आणि वेळ यांचा संबंध आणखी पातळ होतो. मुंबई–लंडन ७,२०० किलोमीटर. जाताना साडेनऊ-दहा तास, येताना त्याहून तास-पाऊण तास कमी. पृथ्वी फिरते म्हणून असं होतं, असं सांगणारा एक तरी मित्र तुमच्या ग्रुपमध्ये असेलच. त्याला सांगा, हवासुद्धा पृथ्वीबरोबरच फिरते. फरक पडतो तो उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या जोरदार वाऱ्यांमुळे, ज्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. येताना ते पाठीवर असतात, जाताना तोंडावर. आणि कधी वारा नाही, तर राजकारण तोंडावर असतं. २४ एप्रिल २०२५ ला पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली. दिल्लीहून युरोप-अमेरिकेला जाणारी आपली विमानं वळसा घालून जायला लागली, काहींना इंधनासाठी वाटेत उतरावं लागलं. दिल्ली होती तिथेच होती, न्यूयॉर्कही हललं नव्हतं. तास मात्र वाढले.

तरीही हवेतला वेळ एकूणात कमीच होत गेलाय. ८ जून १९४८ ला एअर इंडिया इंटरनॅशनलचं 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून लंडनला निघालं, ते कैरो, जिनिव्हा असे थांबे घेत पोचलं. आज आपण न थांबता, त्याच्या निम्म्याहून कमी वेळात जातो. विमान एवढं सुधारलं. मात्र विमानात चढायला घरून निघालेल्या माणसाचा प्रवास त्या प्रमाणात सुधारला का, हे करंजाडेहून अंधेरीला रोज जाणाऱ्या कुणालाही विचारा.

चला, हिशोबच मांडू. करंजाडेत राहणाऱ्या एका मुलीला दिल्लीला इंटरव्ह्यूला जायचंय आणि तिला विमान मिळालंय जुन्या विमानतळावरून, सकाळी साडेसहाचं. चेक-इनचा काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो, सुरक्षा तपासणीची रांग वेगळी. म्हणजे साडेचार-पावणेपाचला टर्मिनलवर असायला हवं. पनवेलहून लोकल सुरू होतात चारच्या आसपास. लोकलचा पर्याय इथेच संपला. मग एक तर टॅक्सी करायची, नाहीतर आदल्या रात्रीच्या लोकलने जाऊन विमानतळावरच्या खुर्चीत रात्र काढायची. एकट्या मुलीला रात्री अडीचला टॅक्सीत बसवताना घरचे काय म्हणतात, ते तुम्हाला माहीत आहे. बाबा सोबत येतात, परत जातात, सकाळी ड्युटीला जातात. दिल्लीचं तिकीट एकीचं असतं, प्रवास दोघांचा होतो.

दिवसाचं विमान असेल तर सोपं आहे का? करंजाडेहून शेअर रिक्षा किंवा एनएमएमटीची बस पकडून पनवेल स्टेशन, वाट पाहण्यासकट वीस मिनिटं. पनवेलहून हार्बरने अंधेरी, थेट गोरेगावची गाडी मिळाली तर ठीक, नाहीतर वडाळ्याला बदला. सव्वा ते दीड तास. अंधेरीला मेट्रो १ ने मरोळ नाका, तिथे भूमिगत मेट्रो ३ मध्ये बदलून एक स्टेशन, की टी-टू. चढणं, उतरणं, तिकीट, पायऱ्या, बॅग धरून अडीच तास गेले. दिल्लीला पोचायला विमानाला सव्वादोन लागणार आहेत. म्हणजे पनवेल तालुक्यातल्या माणसासाठी अंधेरी ही दिल्लीपेक्षा लांब आहे. विनोद वाटेल, पण घड्याळ लावून बघा.

आता नवा विमानतळ आलाय, तर या मुलीचे अडीच तास वाचतील. खरंच वाचतील, आणि मला त्याचा आनंद आहे. रायगड जिल्ह्यातल्या मुलामुलींना पहिल्यांदाच विमानतळ आपल्या बाजूला मिळालाय. उरण, पेण, खोपोली, अलिबाग, सगळ्यांनाच. पण तुमच्याच कॉलेजमध्ये विरारहून येणारा, नाहीतर बोरिवलीला राहणारा मित्र आहे ना? त्याला आता स्वस्त तिकीट नव्या विमानतळावरचं मिळालं की त्याचे अडीच-तीन तास सुरू होतात. त्रास संपला नाही, तो फक्त खाडीच्या या काठावरून त्या काठावर गेला. एका शहरात दोन विमानतळ झाले की प्रश्न 'विमानतळ किती लांब' एवढाच राहत नाही. दोघांच्या मधे काय आहे, हा खरा प्रश्न होतो.

आपल्याकडे मधे अटल सेतू आहे. १२ जानेवारी २०२४ ला खुला झालेला, २१.८ किलोमीटर लांब, देशाला अभिमान वाटावा असा पूल. कारने शिवडीहून या बाजूला वीसेक मिनिटांत येता येतं. कारला एका बाजूचा टोल २५० रुपये, आणि मोटरसायकल, स्कूटर, रिक्षा यांना प्रवेशच नाही. सुरक्षेची कारणं मला मान्य आहेत. समुद्रावरच्या वाऱ्यात दुचाकी पाठवू नये, हे ठीकच. पण मग दुचाकीवाल्याने काय करायचं, याचं उत्तर पूल बांधताना तयार हवं होतं ना? कॉलेजमधल्या किती जणांकडे कार आहे, हात वर करा. ज्यांच्याकडे नाही त्यांच्यासाठी तो वीस मिनिटांचा पूल अस्तित्वातच नाही. त्यांचा रस्ता वाशीच्या खाडीपुलावरून, मानखुर्दच्या ट्रॅफिकमधून जातो.

दोन्ही विमानतळ जोडणारी मेट्रो ८ ठरलेली आहे, साधारण ३५ किलोमीटरची. ती झाली की चित्र बदलेल. पण आपल्याकडे मेट्रो ठरणं आणि मेट्रो धावणं यांत एका माणसाचं पूर्ण कॉलेज आणि पहिली नोकरी होऊन जाते. आज बारावीत असलेल्या कुणी तिच्या भरवशावर तिकीट काढू नये.

मधल्या रस्त्यामुळे विमानतळाचं काय होतं, हे पाहायला गोव्याला जाऊ. तसेही तुम्ही दर वर्षी ठरवताच, या वेळी माझ्याबरोबर चला. तिथे दाबोळीचा जुना विमानतळ होताच. पेडणे तालुक्यात मोपाचा नवा झाला, ५ जानेवारी २०२३ पासून विमानं सुरू झाली. दोघांमधलं अंतर सरळ रेषेत ४० किलोमीटरच्या आसपास, रस्त्याने ६० च्या घरात. तिकिटाच्या पानावर दोन्हीकडे 'गोवा' लिहिलेलं असतं. फरक फक्त तीन अक्षरांचा, एक जीओआय आणि दुसरा जीओएक्स. सावंतवाडी, बांदा, दोडामार्गच्या माणसाला मोपा म्हणजे सोन्याचा दिवस, तो सीमेला लागूनच आहे. पण काणकोणला, गोव्याच्या दक्षिण टोकाला, जाणाऱ्याने तिकीट काढताना ती तीन अक्षरं वाचली नाहीत, तर अख्खा गोवा उभा ओलांडून जावं लागतं. स्वस्त मिळालं म्हणून काढलेल्या तिकिटाचे वाचलेले पैसे टॅक्सीत जातात.

आता तेच इथे. जुन्या मुंबई विमानतळाचा कोड बीओएम, नव्याचा एनएमआय. बुकिंगच्या ॲपवर 'मुंबई' टाकलंत की दोन्हींची विमानं एकाच यादीत, स्वस्त ते वर. रात्री बाराला हॉस्टेलमध्ये पाच जण एका फोनवर झुकून तिकीट काढतात तेव्हा कोड कोण वाचतं? आणखी एक धोका लक्षात ठेवा. कोचीहून नवी मुंबईत उतरून पुढे जुन्या मुंबईहून परदेशी विमान पकडायचं, अशी दोन वेगळी तिकिटं काढलीत, तर मधल्या ३५-४० किलोमीटरला पूर्ण तुम्ही जबाबदार. पहिलं विमान तासभर उशिरा आलं, सायन-पनवेल महामार्गावर ट्रेलर बंद पडला, की दुसऱ्या तिकिटाचे पैसे गेले. दोन्ही विमानं एकाच तिकिटावर असतील तर कंपनीला तुमची सोय लावावी लागते. ज्यांचे मास्टर्सचे अर्ज गेलेत त्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

मधल्या अंतराने विमानतळ मरूही शकतो. हे मी रंगवून सांगत नाही, तसं घडलंय. कॅनडातल्या माँट्रियल शहराला दोर्व्हल नावाचा विमानतळ होता. तो पुरणार नाही म्हणून १९६९ मध्ये सरकारने शहरापासून चाळीसेक किलोमीटरवर मिराबेल इथे जमीन घ्यायला सुरुवात केली. किती? ९७ हजार एकरांच्या आसपास. आपल्या नवी मुंबई विमानतळाची जमीन १,१६० हेक्टर, म्हणजे तीन हजार एकरांच्या आतच. त्यावरून अंदाज करा. हजारो शेतकरी उठवले गेले, त्यांनी वर्षानुवर्षं लढा दिला. १९७५ मध्ये पंतप्रधान पिअर ट्रुडो यांच्या हस्ते थाटात उद्घाटन झालं. क्षेत्रफळाने तो तेव्हा जगातला सगळ्यात मोठा विमानतळ होता.

मग काय झालं? आंतरराष्ट्रीय विमानं मिराबेलला नेली, देशांतर्गत विमानं जुन्या दोर्व्हलला ठेवली. दोघांना जोडणारी जलद रेल्वे होणार होती, ती झालीच नाही. एक महामार्ग अर्ध्यावर राहिला. पॅरिसहून येऊन पुढे कॅनडातच दुसऱ्या शहरात जाणाऱ्या माणसाला मिराबेलला उतरून, बसने दोर्व्हलला जाऊन, पुन्हा विमान पकडावं लागायचं. माणसं शहाणी असतात. त्यांनी माँट्रियल सोडून टोरांटोहून जायला सुरुवात केली, तिथे सगळं एकाच ठिकाणी होतं. विमान कंपन्याही त्यांच्यामागे गेल्या. मिराबेलची प्रवासीसंख्या वर्षाला ३० लाखांच्या पुढे कधी गेलीच नाही. १९९७ मध्ये आंतरराष्ट्रीय विमानं पुन्हा दोर्व्हलला आली, २००४ मध्ये मिराबेलचं शेवटचं प्रवासी विमान उडालं, पुढे टर्मिनलची इमारतही पाडली. घेतलेली बहुतेक जमीन सरकारने शेतकऱ्यांना परत विकली. ज्यांची होती त्यांनाच, विकत! आणि दोर्व्हलला आज नाव आहे पिअर ट्रुडो विमानतळ. ज्याने नव्या विमानतळाची फीत कापली, त्याचं नाव जुन्याला.

नवी मुंबईचं असं होईल असं मी म्हणत नाही. मुंबईची गर्दी माँट्रियलच्या कितीतरी पट आहे, जुन्या विमानतळाला वाढायला जागा नाही आणि नव्याच्या भोवती पनवेल-उलव्यासारखी भरलेली वस्ती आहे. पण गोष्ट ऐकताना एक जागा आपल्याला टोचायला हवी, ती जमिनीची.

कारण आपल्याकडेही जमीन आभाळातून पडलेली नाही. या विमानतळासाठी दहा गावं उठली. चिंचपाडा, कोपर, कोल्ही, उलवे, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी, वरचं ओवळे, वाघिवली आणि वाघिवलीवाडा. सुमारे तीन हजार कुटुंबं. उलव्याची टेकडी सुरुंग लावून सपाट केली, उलवे नदीचा प्रवाह वळवला. या कुटुंबांना २२.५ टक्के विकसित भूखंडाचा मोबदला ठरला, आणि तोही कुणी ताटात वाढून दिलेला नाही. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरातल्या आंदोलनात पाच जणांनी गोळीबारात जीव दिला, तेव्हा दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली साडेबारा टक्क्यांची वाट उघडली. त्या वाटेवरून इथपर्यंत येणं झालं. करंजाडेच्या आसपास राहणाऱ्या तुमच्यातल्या अनेकांचे आजोबा या लढ्यात होते. बाकीच्यांनी त्यांच्याशी एकदा बोलून बघा, इंटरनेटवर नाही ते कळेल.

आणि विमानतळाचं कुंपण घातलं की आजूबाजूच्या गावांमधली अंतरंही बदलतात, हे कुठल्याच नकाशाच्या ॲपवर 'आधी-नंतर' असं दिसत नाही. करंजाडे आणि उलवे हे हवेतून शेजारी. आज एकाकडून दुसऱ्याकडे जायचं तर विमानतळाला वळसा घालावा लागतो. मामाचं गाव पलीकडे असेल तर ते तुमच्यासाठी लांब गेलं आणि बंगळुरू जवळ आलं.

म्हणून माझं मत असं, की या विमानतळाची परीक्षा कमळाच्या आकाराच्या छतावर घेऊ नका. छत सुंदर आहेच. परीक्षा घ्यायची ती पहाटे चार वाजता. पनवेल स्टेशनवरून टर्मिनलला, टर्मिनलवरून जुन्या विमानतळाला, परवडणाऱ्या तिकिटात जाणारी बस त्या वेळी आहे का? दर किती मिनिटांनी? हे अशक्य नाही. बंगळुरूचा नवा विमानतळ २००८ मध्ये शहरापासून तीसेक किलोमीटरवर देवनहळ्ळीला गेला, तेव्हा तिथल्या महानगर परिवहनने शहराच्या वेगवेगळ्या भागांतून 'वायू वज्र' बसगाड्या सोडल्या. मेट्रोची वाट बघत ते शहर इतकी वर्षं त्या बसवर चाललंय. हैदराबादला शमशाबादच्या विमानतळासाठी एसटीसारख्याच सरकारी महामंडळाच्या बस आहेत, नाव 'पुष्पक'. आपल्याकडे पुष्पक नगर आहे, आता पुष्पक बसही यायला हरकत नाही. दिल्लीत २०११ पासून नवी दिल्ली स्टेशन ते टर्मिनल तीन हे अंतर मेट्रोने वीस मिनिटांच्या आसपास आहे, सकाळी नऊला आणि संध्याकाळी सातलाही तेवढंच. अंतर याला म्हणतात. जे वार आणि पाऊस बघून बदलत नाही ते.

यावर एक ठरलेला आक्षेप येतो, विमानाने जाणाऱ्याला बस कशाला हवी, तो टॅक्सी करेल. हे बोलणारा माणूस शेवटचं विमानतळावर कधी गेला होता कोण जाणे. आज विमानात पाठीला एक सॅक लावलेली पोरं असतात, पहिल्या पगारातून आईला वैष्णोदेवीला नेणारा मुलगा असतो, आखाताला निघालेला वेल्डर असतो. सेलमध्ये मिळालेल्या तिकिटापेक्षा रात्रीची टॅक्सी महाग पडते, हे तुमच्यातल्या काहींनी अनुभवलं असेल. आणि प्रवासी सोडा. विमानतळ चोवीस तास चालवायचा तर सामान चढवणारे, तपासणी करणारे, सफाई करणारे, कॉफी देणारे, हे सगळे पहाटेच्या पाळीला पोचायला हवेत. यातल्या कितीतरी जागा तुम्ही भरणार आहात. पहिल्या टप्प्यातच वर्षाला दोन कोटी प्रवाशांची क्षमता धरलीय. भूमिपुत्रांना नोकऱ्या द्या, ही मागणी बरोबर आहे. पण तीन-चार किलोमीटरवरच्या नोकरीवर पहाटे पाळीला जायला वाहन नसेल, तर ती नोकरी ज्याच्याकडे बाइक आहे त्याची. बहुतेक घरांत ती भावाकडे असते, बहिणीकडे नाही.

तरघर स्टेशन विमानतळाला सगळ्यात जवळचं, नेरूळ–उरण मार्गावरचं. चांगली गोष्ट आहे. पण पनवेल-करंजाडेहून लोकलने तरघर गाठायचं तर आधी उलट्या दिशेला बेलापूर-नेरूळकडे जायचं आणि मग उरणची गाडी धरायची. शिवाय हार्बरवर जशा पाठोपाठ गाड्या असतात तशा उरण मार्गावर नाहीत. रात्रीचा विषयच नाही. म्हणजे फिरून बसवरच यावं लागतं.

विमानतळाला दि. बां.चं नाव मिळावं म्हणून जून २०२१ मध्ये या भागातली माणसं हजारोंनी रस्त्यावर उतरली. मानवी साखळी झाली, सिडकोला घेराव झाला. ते योग्यच होतं, ज्यांनी जमीन दिली त्यांना नाव मागायचा हक्क आहे. तेवढ्याच ताकदीने बसचं वेळापत्रक मागायलाही कुणीतरी उतरायला हवं, आणि ते काम मला तुमचं वाटतं. तुमच्याकडे फोन आहेत, वेळ आहे, कॉलेजमध्ये एनएसएस आहे. एक आठवडा ठरवून, आपापल्या घरून दोन्ही विमानतळांना सार्वजनिक वाहनाने जाऊन बघा. निघाल्याची वेळ, पोचल्याची वेळ, किती वेळ नुसते उभे होतात, किती पैसे गेले, सगळं लिहा. पहाटेचं, दुपारचं, रात्री अकराचं. करंजाडेचा आकडा वेगळा येईल, कामोठ्याचा वेगळा, विरारचा तर विचारूच नका. मुली आणि मुलांचे आकडेही वेगळे मांडा, मुलींनी कुठली वेळ टाळली तेही लिहा. भूगोल किंवा संख्याशास्त्राच्या सरांना सांगितलंत तर प्रोजेक्टचे मार्कही मिळतील.

मग ती यादी घेऊन सिडकोकडे जा, एनएमएमटीकडे जा, आणि मतं मागायला तुमच्या सोसायटीच्या गेटवर जो कुणी येईल त्याच्यासमोर ठेवा. विकास, कनेक्टिव्हिटी, जागतिक दर्जा हे सगळं त्याला बोलू द्या, मधे तोडू नका. बोलून झालं की एवढंच विचारा: पहाटे साडेतीनला करंजाडेहून टर्मिनलला जाणारी बस कुठून सुटते?